डोंगराकडची भिंत

मी एका घराची भिंत मुद्दाम पोकळ शिवली होती. हे आजवर मी आपणहून कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. अल्लाला ठाऊक असणारच, पण मी होऊन त्यालाही कधी सांगितलं नाही. दुवा मागताना तो विषय आला की मी पुढे सरकतो. मुळात मी कमी बोलणारा. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. त्या शांत स्वभावाच्या आत काय काय साठवून ठेवलं होतं, ते आता बावन्नाव्या वर्षी कागदावर काढतो आहे.

भिंत शिवतात कशी, ते आधी सांगायला हवं. गोष्ट एकोणीसशे साठनंतरची, त्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. शारजाकडच्या खोर फक्कानला तेव्हा आजच्यासारखं बंदर नव्हतं. अर्धगोल किनारा, पन्नासेक होड्या आणि पाठीला उघडे, काळपट डोंगर. मी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. आमच्याच मोहल्ल्यातल्या एका माणसाचं तिथे दुकान होतं. तांदूळ, साखर, कापड आत यायचं, सुकवलेली मासळी बाहेर जायची. तो माझ्या नात्यातला नव्हता, पण मी त्याला चाचा म्हणायचो आणि तो मला पोरा म्हणायचा. मासळीच्या गोण्या भरणं, तोंडं शिवणं, लाँचवर चढवणं, हे माझं काम. दाभण माझ्या हातात चांगली चालायची. ती मला आईने शिकवली होती. आमच्याकडे आई पावसाळ्याआधी ओसरीला गोणपाटाचे पडदे शिवायची आणि शेजारपाजारच्या गोधड्यांना टाके घालून द्यायची. मी तिच्या शेजारी बसून सुई ओवून द्यायचो, पुढे पुढे शिवायलाही लागलो. एक टाका पुढे, अर्धा मागे, ही तिची पद्धत. "पुढे जाताना मागचं धरून ठेवायचं, मग उसवत नाही," असं म्हणायची.

आता चाचाने काय केलं ते.

पत्रं दुबईकडून लॉरीने यायची आणि सगळ्या कोकणी लोकांची पत्रं चाचाच्या दुकानावर उतरायची. चाचाची एक सवय होती. आलेल्या प्रत्येक पाकिटावर, कोणाचंही असो, तो पेन्सिलीने कोपऱ्यात तारीख टाकायचा. धंद्याची शिस्त म्हणायचा. त्या वर्षी पावसाळा सरला, मासळीचा सीझन जोरात होता. एका दुपारी त्याने मला गल्ल्याजवळ बोलावलं आणि दोन पत्रं हातात दिली. दोन्ही बहिणीची.

"बस जरा," तो म्हणाला. "आधी पाणी पी."

मी वरचं उघडलं. त्यात आई गेल्याचं होतं. खालचं उघडलं. त्यात आई फार आजारी आहे, तुझं नाव घेते, मिळेल त्या बोटीने ये, असं होतं. दोन्ही पाकिटांच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या तारखा होत्या. त्यांच्यात अठरा दिवसांचं अंतर होतं.

मी तारखांकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"पोरा, तू जाऊन काय केलं असतंस? दुबईपर्यंत पोचायला दोन दिवस, पुढे बोटीची वाट बघायची. आणि इथे निम्मी मासळी अजून पोत्यात जायची होती. मी म्हटलं, लोड जाऊ दे, मग सांगू. मला काय माहीत ती इतक्यात..."

मी म्हटलं, "बरं चाचा."

एवढंच म्हटलं. त्याला वाटलं, मला पटलं. संध्याकाळी त्याने शिरा करायला लावला, आईच्या नावाने फातिहा दिला, स्वतः माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. माझ्या मनात एकच आकडा घोळत होता. अठरा. याला अठरा रात्री झोप लागता कामा नये. मरावा असं मला वाटलं नाही, खरंच नाही. फक्त अठरा रात्री याने कूस बदलत काढाव्यात आणि का ते याला कळू नये. मला कुठे कळलं होतं?

संधी थंडीने दिली.

तोवर आम्ही दुकानामागच्या दगडी खोलीत झोपायचो. त्या वर्षी चाचाने नवीन घर बांधून घेतलं. म्हणजे तिकडचं नेहमीचं घर, खजुरीच्या झावळ्यांचं. झावळीचा मधला दांडा उभा एकाला एक लावून सुंभाने बांधायचा, वर झावळ्यांच्या चटया. उन्हाळ्यात असल्या घरात वारा इकडून शिरतो आणि तिकडून जातो, राजासारखं वाटतं. हिवाळ्यात तोच वारा पहाटे हाडापर्यंत जातो. लोकांना वाटतं, वाळवंटात कसली थंडी. त्यांनी एकदा झावळ्यांच्या घरात डिसेंबर काढावा.

त्यामुळे नोव्हेंबरात घराला आतून अस्तर घालायचं. विकत आणायचं काहीच नाही, असा चाचाचा हुकूम आणि माझी हौस. तांदळाच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या. त्यांची शिवण ओढून काढायची, पण सुतळी तोडायची नाही. एक टोक नीट सापडलं की सबंध सुतळी सरसर निघते, ती गुंडाळून ठेवायची, पुढे तीच शिवायला. गोण्या समुद्रात धुवायच्या, मग विहिरीच्या पाण्यातून काढायच्या, नाहीतर मिठाने कायम दमट राहतात. दोन गोण्या एकावर एक ठेवून तीन बाजू शिवायच्या. आत खजुरीच्या खोडावरचं ते तपकिरी, जाळीदार सोपट पिंजून भरायचं. त्याला तिथे लीफ म्हणतात, बागेतून फुकट मिळतं. मग चौथी बाजू शिवायची, मध्ये चार ठिकाणी आरपार टाके मारायचे, म्हणजे भरण खाली घसरत नाही. असे पट्टे भिंतीच्या दांड्यांना बांधत जायचं. झाली भिंत. जमिनीवर आधी सुक्या झावळ्यांचा थर, त्यावर चटई, त्यावर गोणपाट. चहाच्या खोक्यांत आतून चंदेरी कागद असतो, तो सोडवून मैद्याच्या खळीने उशाशी चिकटवायचा. कोळशाच्या चुऱ्यात चिकणमाती कालवून लाडू वळायचे आणि वाळवायचे. एका लाडवावर संध्याकाळचा सगळा स्वयंपाक निघतो. आणि त्याच चुलीवर शेवटी घासलेटच्या कापलेल्या डब्यात वाळू तापवायची, झाकण ठोकून डबा फडक्यात गुंडाळायचा, पायाशी ठेवायचा. ही वाळू पहाटेपर्यंत ऊब धरते. हे सगळं मी इतकं तपशिलाने लिहितोय, कारण हे मला उत्तम येत होतं. न येणाऱ्याच्या हातून भिंत पोकळ राहिली असती तर ती चूक म्हणता आली असती.

शेजारी एक अरब नाखवा राहायचा. आमच्याशी हिंदीत बोलायचा, त्याची हिंदी म्हणजे जहाजावरची. मी गोण्या वाळत घालताना तो येऊन बसला.

"तुम कोकणी लोग," तो म्हणाला, "हर साल समंदर का दीवार पक्का करता. हवा उधर से नहीं आता. हवा जबल से आता. इधर ठंडी पहाड से उतरता है."

आणि त्याने मला जुन्या शिडाचं एक जाड कापड दिलं. डोंगराकडच्या भिंतीला बाहेरून बांध, म्हणाला.

मी ते चाचाला सांगितलं का? नाही. कारण चाचाने त्याच सकाळी घर फिरून बघून स्वतःची खोली ठरवली होती.

"डोंगराकडची माझी," तो म्हणाला होता. "पाठीला डोंगर असला की माणूस निवांत झोपतो. तू दर्याकडे झोप. तरणा आहेस, वारा सोसेल."

हसू नका. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोक्यात हे जन्मापासून असतं. दर्या पश्चिमेला, वादळ दर्यावरून येणार, आणि घाट पाठीशी उभा राहून आपल्याला सांभाळणार. खोर फक्कानला दर्या पूर्वेला आहे. सूर्य पाण्यातून वर येतो. मला तिथे पहिलं वर्षभर दिशाच लागत नव्हत्या. चाचाला वीस वर्षं होऊनही लागल्या नव्हत्या, कारण तो दगडी खोलीत झोपत आला होता.

तर मी चारी भिंतींना पट्टे शिवले. "सगळ्या भिंती दुहेरी," चाचाने बजावलं होतं. डोंगराकडच्या भिंतीचे पट्टे मी सर्वांत शेवटी घेतले. त्यांच्यात वर एक वीत आणि खाली एक वीत लीफ भरलं, जिथे माणूस हात लावून बघतो. मध्ये काही नाही. दोन गोणपाटं आणि मध्ये रिकामी जागा. कडा आईच्या टाक्याने शिवल्या नाहीत. लांब लांब, पुढेच पळणारा टाका घातला, बोट जाईल एवढी फट सोडत. पट्टा लावण्याआधी मागच्या दांड्यांचं सुंभ चार ठिकाणी ढिलं केलं. उरलेलं लीफ माझ्या खोलीच्या भिंतीत कोंबलं. शिडाचं कापड दर्याकडच्या भिंतीला बाहेरून बांधलं, लांबून दिसेल असं.

चाचा बघायला आला. त्याने भिंतीवर खांद्याच्या उंचीला थाप मारली, मग वाकून खाली मारली.

"शाब्बास. तुझ्या आईचा हात आहे तुझ्यात."

त्याने आईचं नाव घ्यायला नको होतं. माझ्या मनात थोडी चलबिचल उरली असेल तर ती त्या वाक्याने गेली. मी दाभण शर्टाच्या खिशाला टोचली आणि म्हटलं, "थंडी येऊ दे चाचा, मग बघा."

आठवड्याभराने त्याने सांगितलं की त्याची आई येते आहे.

ती सत्तरीची होती. छातीने कमजोर, पण हट्टी. मुलाने नवीन घर बांधलंय ते डोळ्यांनी बघायचं, म्हणून कोणा ओळखीच्या कुटुंबाबरोबर मुंबईहून बोटीत बसली आणि दुबईहून लँडरोव्हरमध्ये धक्के खात आली. गावात आमच्या घरापासून तीन घरं सोडून तिचं घर. मी तिला दादी म्हणायचो. आल्या आल्या तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती, तिला ती कोणाला हात लावू देत नव्हती.

चाचाने तिची वळकटी उचलली आणि डोंगराकडच्या खोलीत नेली.

"आई, तू इथे. ही घरातली सगळ्यात ऊबदार खोली. दर्याचा वारा तुला सोसायचा नाही. मी दुकानात झोपेन."

मी दारात उभा होतो. तिची चप्पल माझ्या हातात होती.

हे मला इथे सगळ्यात नीट लिहायचं आहे. वारा सुरू व्हायला अजून पाच दिवस होते. पट्टे उतरवून, भरून, पुन्हा बांधायला एक दुपार लागली असती. कोणी विचारलं असतं तर, "दादी आल्यात, अजून जाड करतो," एवढं म्हणणं पुरेसं होतं. मला संशयाची भीती नव्हती. मी ते केलं नाही, कारण मी विचार केला: त्याची आई. हे तर त्याहून नेमकं झालं. याला झोप लागली नसती तर याने फार तर दुकानात जाऊन झोप काढली असती. आई आजारी पडली की माणूस कुठे जातो, त्याचं काय होतं, ते याला कळू दे. मला त्यात एक हिशोबीपणा दिसला आणि तो आवडला. दादीचा मी विचारच केला नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. केला होता. तिने माझे गाल धरले होते, ते मी मनातून पुसून टाकलं आणि भिंत तशीच ठेवली.

पाच दिवसांनी वारा उतरला. नाखवा म्हणाला होता तसाच, डोंगराच्या घळीतून, कोरडा आणि सरळ. तो सहा दिवस होता.

पहिल्या सकाळी मी गरम पाणी घेऊन गेलो तर दादी वळकटीवर बसलेली, गुडघे पोटाशी.

"झोप लागली का दादी?"

"लागते आणि जाते. पाठीवर कोणी ओला हात ठेवतंय असं वाटतं रे. जागा नवीन आहे, होईल."

दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. मी तिची सेवा केली. जशी कोणी केली नसती तशी केली. वाळूचे दोन डबे तापवून दिले, पायाशी एक, पाठीशी एक. मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा जाळून दिला. आलं घालून चहा, खजूर तुपात परतून. सगळं केलं. फक्त भिंत भरली नाही. चाचा सकाळ-संध्याकाळ दुकान सोडून यायचा, तिच्या तोंडाकडे बघायचा, बाहेर येऊन उभा राहायचा. त्याच्या दाढीचे खुंट वाढले होते. मी त्याच्याकडे बघत असे. मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं पोटात गरम चहा गेल्यासारखं होतं, हे मी खोटं कशाला लिहू?

"या खोलीत इतकी ऊब, तरी हिला थंडी कुठून लागली?" तो मला विचारायचा.

"वय झालं चाचा."

"बोटीवरच लागली असणार."

"असेल."

एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझ्यापेक्षा तूच तिचा मुलगा शोभतोस." मी खाली बघितलं. त्याला वाटलं, लाजलो.

मी माझ्या खोलीत, भरगच्च भिंतीआड, त्या थंडीत घामाने जागा व्हायचो.

दादी दिवसा उन्हात बसून काहीतरी शिवत असायची. हात थरथरायचे, तरी शिवायची, आणि कोणी आलं की ट्रंकेत ठेवायची. एवढी थंडी, तर ते शिवताय ते अंगावर का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "ते माझं नाही," म्हणाली. मला वाटलं, चाचासाठी काही असेल. त्या विचारानेही मला राग आला.

सातव्या सकाळी वारा पडला. मी पाणी घेऊन गेलो तर तिने भिंतीचा एक पट्टा मधोमध उसवलेला होता आणि तिचा हात कोपरापर्यंत आत होता.

"पोरा," ती म्हणाली, "ही पिशवी रिकामी आहे."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"वर भरलंय, खाली भरलंय. मध्ये माझी पाठ येते तिथे काही नाही." तिने हात बाहेर काढला आणि शिवणीवर बोट फिरवलं. "मी बाकीच्या भिंती बघितल्या. त्यांना तुझ्या आईचा टाका आहे. या भिंतीला नाही. हा नुसता तुझा आहे."

मी लोंबणारी सुतळी गोळा करायला लागलो.

"माझ्यासाठी नाही शिवलीस. मी येणार हे तुला कुठे ठाऊक होतं? त्याच्यासाठी शिवलीस ना?"

"हो."

"काय केलं त्याने?"

मी सांगितलं. पत्र, पेन्सिलीच्या तारखा, अठरा दिवस. सांगताना माझा आवाज चढला नाही. मी एकेक शब्द तिला मोजून दिला, कारण भिंतीने झालं नव्हतं ते आता होत होतं. मुलाने काय केलं ते त्याच्या आईला कळत होतं आणि मी तिचा चेहरा बघत होतो. हाही सूडच होता. तिला खोकला आला, तरी मी थांबलो नाही.

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मी तुझ्या आईच्या उशाशी होते. ती रोज विचारायची, बोट आली का. मी म्हणायचे, पत्र पोचलं असेल, निघाला असेल, आता वाटेत असेल. रोज सांगायचे. म्हणजे मी रोज खोटं बोलत होते."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"तिला तरी कुठे माहीत होतं?"

तिने ट्रंक पुढे ओढली, किल्लीने उघडली आणि घडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. गोधडी होती. आईचं हिरवं लुगडं मी ओळखलं, माझा शाळेतला पट्ट्यापट्ट्यांचा सदरा ओळखला. तीन कडांना आईचा टाका होता. चौथ्या कडेचे टाके वाकडे, थरथरते.

"तिने तुझ्यासाठी घेतली होती शिवायला. तिकडे थंडी पडते असं तूच लिहिलं होतंस. तीन बाजू झाल्या आणि पडली. मला म्हणाली, पुरी करून दे. ही चौथी बाजू मी घालत होते. चार बोटं राहिली आहेत."

मी गोधडीची घडी मोडली, पुन्हा घातली. शेवटी म्हटलं, "दादी, सहा दिवस ही तुमच्याजवळ होती. अंगावर घ्यायची."

"अमानत होती," ती म्हणाली. "दुसऱ्याची अमानत अंगावर घेतात का?"

गावाहून आखातात येणारा प्रत्येक माणूस कोणाकोणाच्या अमानती घेऊन येतो. लोणच्याची बरणी, तावीज, कोणाच्या बाळाचं जावळ. बोट बुडाली तरी आधी ती वाचवायची, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पत्रही अमानतच असतं. ती जे म्हणाली ते तिने मला उद्देशून म्हटलं की तिच्या मुलाला, हे मी तेव्हाही ओळखू शकलो नाही.

मग ती म्हणाली, "मी त्याला काही विचारणार नाही. आईने विचारलं की मुलगा खोटं बोलतो, माझ्याच मुलाला मला खोटं बोलायला लावायचं नाही. तू बोल. पत्राबद्दल त्याच्या तोंडावर बोल, जे मनात आहे ते. आणि भिंतीचंही सांग. दोन्ही सांगायचं. एक सांगून एक ठेवायचं नाही."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

"इन्शाल्ला नको. हो म्हण."

मी हो म्हटलं.

त्या दुपारी आम्ही दोघांनी भिंत भरली. मी माझ्या खोलीतलं लीफ काढून आणलं, तिने पिंजून दिलं. एक टाका पुढे, अर्धा मागे. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या अजानच्या आत काम संपलं. चाचा आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. त्याने भिंतीवर थाप मारली, सवयीने, खांद्याच्या उंचीला. तिने माझ्याकडे बघितलं. मी कोळशाचे लाडू आणायला बाहेर गेलो.

तिचा खोकला गेला नाही. थंडी सरल्यावर तिने घरी जायचा हट्ट धरला. दुबईच्या धक्क्यावर मी तिची ट्रंक उचलली. ती हलकी लागत होती. "हो म्हणालास," एवढंच ती मला म्हणाली. मी पुन्हा हो म्हटलं.

पावसाळ्याच्या तोंडावर ती गेल्याचं पत्र आलं. एव्हाना टपाल मीच उतरवून घेऊ लागलो होतो. मी ते पाकीट त्याच क्षणी, लॉरीचं इंजिन चालू असताना, चाचाच्या हातात दिलं. तारीखसुद्धा टाकली नाही. यात चांगुलपणा नव्हता. मला त्याचा चेहरा बघायचा होता.

त्याने पत्र वाचलं आणि तांदळाच्या गोणीवर बसला.  मग म्हणाला, "मीच तिला डोंगराकडे झोपवलं. नाखवा मला नंतर बोलला, वारा तिकडूनच येतो. मीच झोपवलं."

आता बोलायचं होतं. शब्द तयार होते, दोन्ही गोष्टींचे. मी म्हटलं, "नशीब, चाचा."

त्याला आता सव्वीस वर्षं होत आली. पुढे मी दुबईत नोकरी धरली, मग शारजाला घर केलं. चाचा आता पंच्याहत्तरीत आहे, आपल्या मुलाकडे राहतो, माझ्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर. दर ईदला मी जातो. दर ईदला, पाहुणे बसले की, तो ती गोष्ट सांगतो. "नवीन येणाऱ्यांनो, लक्षात ठेवा," असं म्हणून. डोंगराकडे म्हाताऱ्या माणसाला झोपवू नका, मी माझ्या आईला झोपवलं, चांगली खोली म्हणून झोपवलं, सगळ्या भिंती या पोराने किती नीट शिवल्या होत्या, तरी. मग तो माझ्याकडे हात करतो. लोक माझ्याकडे आदराने बघतात. मी शीरखुर्मा खातो.

अठरा रात्री मागितल्या होत्या मी. त्याने सव्वीस वर्षं काढली. आणि मी शेजारी बसून ते बघत आलो, एका वाक्याने थांबवता येत असताना. काही वर्षं मला त्यात समाधान वाटलं. मग ते समाधान उरलं नाही, पण सवय उरली.

गोधडी माझ्या कपाटात आहे. गेल्या जानेवारीत लेकीला थंडी वाजत होती म्हणून बायकोने ती काढली. "इट्स सो हेवी, अब्बा," लेक म्हणाली आणि बाजूला सारली. मी ती पुन्हा घडी करून ठेवली. मी स्वतः ती एकदाही अंगावर घेतलेली नाही. चौथ्या कडेची ती चार बोटं अजून उघडी आहेत. दादीने पुरी केली नाही, मलाही सुई घालता आली नाही.

चाचाला मी माफ केलेलं नाही. इतकं सगळं लिहून झाल्यावर करावंसं वाटेल, असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. त्या अठरा दिवसांबद्दल त्याने मला कधी काही म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. तो राग माझा आहे, तो मी ठेवणार आहे. पण तो राग आणि हे देणं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादीला मी दोनदा हो म्हटलं होतं.

त्या माणसाच्या समोर बसून, त्याच्या मुलासुनेसमोर, एवढं सांगण्याचं देणं मी लागतो: डोंगराकडची भिंत मी पोकळ शिवली होती, तुमच्यासाठी शिवली होती, आणि तुमच्या आईला थंडी तुम्ही लावली नाहीत, मी लावली. हे मी अजून दिलेलं नाही.